तलावाकडचं दार

आमच्या घरमालकांना रिकाम्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवायची सवय होती. मी गोंदियाला कॉलेजात नोकरीला लागले आणि जवळच्याच मुर्रीला खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी किल्ली लावून कुलूप काढलं, कडी सरकवली आणि मग बोटाच्या पेरानं दारावर टकटक करून जरा थांबले. आत कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता, कुलूप बाहेरून होतं. मी म्हटलं, "काका, आत कोणी राहतं का?"

"सध्या तं नाई," ते म्हणाले. "पन विचारून घेतलेलं बरं."

मी खोली घेतली. त्यांच्या या उत्तरामुळे घेतली असं सांगायला बरं वाटलं असतं, पण खरं कारण म्हणजे बाकीच्या ठिकाणी पाण्याची बोंब होती आणि यांच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं.

ते रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळं मुर्री त्यांना गार्डसाहेबच म्हणे. त्यांच्या निवृत्तीनंतर रेल्वेनं गार्ड हे नावच काढून टाकलं आणि ट्रेन मॅनेजर असं काहीतरी ठेवलं, याचा त्यांना मनापासून राग होता. "मॅनेजर हॉटेलात राहते," ते म्हणत. "गाडीले गार्ड पाहिजे. शेवटच्या डब्यात बसून मांगं पाहनारा माणूस पाहिजे." लग्न केलेलं नव्हतं. रायपूरला एक पुतण्या होता, तो दिवाळीला फोन करायचा.

मागं पाहणं हा त्यांचा स्वभाव झाला होता. लग्नाच्या पंगतीत ते शेवटी बसत, मंडपातून शेवटी निघत आणि निघताना रिकाम्या खुर्च्यांकडे बघून विचारत, "मांगं कोनी राहिलं का?" रस्त्यानं कधी माझ्या पुढं चालले नाहीत. एकदा बाजारात मी मुद्दाम रेंगाळले, तर तेही रेंगाळले. शेवटी आम्ही दोघं भाजीवाल्यासमोर अर्धा बाजार उठेपर्यंत उभे होतो.

रोज सकाळी मी स्कूटर काढली की ते फाटकाशी उभे राहत, रस्ता दोन्ही बाजूंनी बघत आणि गळ्यातली पितळेची शिट्टी वाजवत. मग मी हॉर्न द्यायचा. तसा नियमच होता. गार्डनं शिट्टी मारून हिरवा झेंडा दाखवला की इंजिनातून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर गाडी सुटली असं गार्डनं समजायचं नाही. एकदा मी घाईत हॉर्न न देता निघून गेले. संध्याकाळी परत आले तर हे फाटकातच खुर्ची टाकून बसलेले. "सकाळी उत्तर नाई दिलं तुमी, मॅडम," म्हणाले. दिवसभर तिथंच होते की काय, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. मी आधी हॉर्न वाजवला, मग त्यांनी खुर्ची उचलली.

खालच्या मजल्यावर एक खोली होती, तिच्यात लोकांचं सामान होतं. रेल्वेत लोक वस्तू विसरतात, आणि कोणी न्यायला आलं नाही की रेल्वे त्या लिलावात काढते. नोकरीत असल्यापासून गार्डसाहेब अशा लिलावांना जात आणि काहीबाही घेऊन येत. विकायला नाही, वापरायलाही नाही. ज्याचं त्याला द्यायला. छत्र्या होत्या, पत्र्याच्या पेट्या होत्या, नवरदेवाचा फेटा होता, एका पायाचा बूट होता. एक कुबडी होती. गाडीत कुबडी विसरून माणूस घरी गेला कसा, हे कोडं मला फार दिवस सतावत होतं. त्यांना नाही. ते दर गुरुवारी त्या खोलीचं दार वाजवून आत जात आणि कुबडीवरची धूळ पुसून ठेवत.

"काका, यातलं कधी कोणी न्यायला आलंय का?"

"अजून नाई."

"मग?"

"मंग काय? आपन ठेवून राहिलो ना."

एवढं वेड माणसाला उगीच लागत नाही, असं शेजारी म्हणायचे. कधीतरी कोणी फलाटावर राहिलं असेल, कोणी गाडीखाली आलं असेल, त्याचं मनाला लागलं असेल. मीही एकदा आडून विचारलं. ते मोकळेपणानं हसले. "काई झालं नाई हो. माही गाडी कवा घसरली नाई का कोनी पडलं नाई. आवडते मले." तेव्हापासून मला त्यांची थोडी भीती वाटायला लागली. दुःखानं विचित्र झालेला माणूस समजतो. आवड म्हणून वाट बघत बसणारा समजत नाही.

ते घर त्यांनी याच आवडीपोटी घेतलं.

पेपरात एका पतसंस्थेची नोटीस आली होती. सौंदडच्या पलीकडे तलावाच्या काठावर ढिवरांचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचं गाव आहे, तिथलं एक घर कर्जापोटी लिलावात निघालं होतं. 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर. गार्डसाहेबांनी ती अट मला मोठ्यानं वाचायला लावली आणि म्हणाले, "चांगलं लिवलं आहे." रविवार होता, कपडे धुवायचे होते, तरी मी त्यांच्याबरोबर गेले. पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यात बसून सौंदडला उतरलो आणि तिथून ऑटोनं.

घर लहानच होतं, कौलारू. समोरचं दार गावाकडे आणि मागचं तलावाकडे. मागच्या दारातून उतरायला दगडाच्या पायऱ्या होत्या आणि शेवटच्या पायरीला पाणी लागलेलं होतं. ते दार संस्थेनं बाहेरून आडवी फळी ठोकून बंद केलं होतं. ऐन दुपार, वारा नव्हता. अंगणात पतसंस्थेचा अधिकारी खुर्चीवर बसला होता आणि सगळं गाव लिलावाला जमलं होतं. पण सगळे घराकडे पाठ करून बसले होते. बायका, पुरुष, सगळे. अधिकारी बिचारा त्यांच्या पाठींना अटी वाचून दाखवत होता.

सडक अर्जुनीहून एक हॉटेलवाला गाडी घेऊन आला होता. त्याला तलावाकाठी पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. तो उत्साहानं घराला चक्कर मारून मागं गेला, फळीच्या वरून दाराला हात लावला आणि तिथंच थबकला. मी बघत होते. त्यानं हात काढला, पँटला पुसला आणि सरळ गाडीत जाऊन बसला. काच वर केली आणि गेला.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. मांडीत पितळेचा लोटा, पाण्यानं भरलेला. अधिकाऱ्यानं तिला उठवायला माणूस पाठवला होता, पण तो माणूसही तिच्यापासून लांबच उभा होता. गार्डसाहेब जाऊन तिच्या खालच्या पायरीवर बसले.

"काऊन बसल्या, माय?"

तिनं त्यांच्याकडे जरा बघितलं. "पोराचं पानी हाय," ती म्हणाली. "ठेवाले जागा नाई."

मग तिच्या पुतणीनं सगळं सांगितलं. शेजारीच राहणारी, धट्टीकट्टी बाई. म्हातारीचा एकुलता एक मुलगा डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, घेऊन जाळं टाकायला गेला आणि आला नाही. डोंगा सापडला, सरळ तरंगत होता, त्यात डबा तसाच बांधलेला. अंग मिळालं नाही. अंग मिळालं नाही की त्या गावात त्या माणसाच्या घराचं तलावाकडचं दार कोणी लावत नाही. उंबऱ्यावर विहिरीच्या पाण्याचा लोटा ठेवतात.

"विहिरीचंच का?" मी विचारलं.

"तलावाचं पिऊन पिऊन कंटाळते ना मानूस," पुतणी म्हणाली. जसं काही मी सोपा प्रश्न विचारला होता.

आणि संस्थेच्या माणसांनी नेमकं तेच दार फळी मारून बंद केलं होतं. तेव्हापासून गावातलं कोणी त्या बाजूला बघत नव्हतं. जो घर घेईल त्याच्यावर त्या दाराची जबाबदारी येणार, म्हणून बोली कोणी लावणार नव्हतं. आणि कोणी घेतलं नाही तर फळी तशीच राहणार. म्हातारीला घराचं काही वाटत नव्हतं, ती पुतणीकडे राहत होती. तिला फळीचं वाटत होतं. "तो येऊन जाते," ती गार्डसाहेबांना म्हणाली. "येते अन् बसते. मले भिंतीपल्याडून समजते."

अधिकाऱ्यानं कोणी आहे का म्हणून विचारलं. पाठी हलल्या नाहीत. परत विचारलं. गार्डसाहेब पायरीवरून उठले आणि फलाटावर हात करतात तसा हात वर केला.

मी त्यांच्या कानाशी लागले. म्हटलं, काका, पेन्शनचा पैसा आहे, जरा विचार करा. ते म्हणाले, "मॅडम, मांगं कोनीतरी राहिलं आहे."

कागदपत्रांना अजून वेळ होता, ताबा मिळायचा होता, पण हे अधिकाऱ्याला म्हणाले, "बाकी सावकाश करा. फळी तेवढी काढू द्या." अधिकाऱ्यालाही तिथून लवकर निघायचं होतं. फळी निघाली, दार उघडलं, म्हातारीनं लोटा उंबऱ्यावर ठेवला. तेव्हा कुठं गाव उठलं आणि तोंड आमच्याकडे झालं. कोणी आभार मानले नाहीत. एका म्हाताऱ्यानं गार्डसाहेबांना विडी दिली आणि जन्मात कधी न ओढलेल्या गार्डसाहेबांनी ती खिशात ठेवली.

घर नावावर झाल्यावर त्यांनी म्हातारीला तिथंच राहायला लावलं. "घर तुमचंच आहे, माय. मी फक्त ठेवून राहिलो." ती त्यांना गार्डबाबू म्हणायची. ते दर शनिवारी जात, पुढच्या खोलीत बाज टाकून झोपत आणि सोमवारी परत येत. येताना एखादा मासा आणत. स्वतः खात नसत, मला देत.

त्यांच्या हातून एक चूक झाली ती सुरुवातीलाच. आयुष्यभर गाडीची दारं बघितलेला माणूस, संध्याकाळी घरात फिरून सगळी दारं लावायची ही हाताची सवय. एका शनिवारी दिवेलागणीला त्यांनी समोरचं दार लावलं, खिडकी लावली आणि त्याच ओघात तलावाकडचं दारही ओढून कडी घातली. म्हातारीला संध्याकाळचं दिसत नसे. सकाळी उजाडल्यावर यांच्या लक्षात आलं.

पुढचं ते मला मुर्रीला जिन्यात उभे राहून सांगत होते, शेंगा सोलता सोलता. "दरवाजा बाहेर उघडते, तुमी पाह्यला ना. कडी काढली अन् लोटला. जड लागला. मॅडम, तुमी पॅसेंजरनं जाता. डब्याच्या दरवाजाले बाहेरून टेकून कोनी झोपला असला, का दरवाजा कसा उघडते? अडकत नाई. हरू हरू, नरम उघडते, अन् मंग तो मानूस जागा होऊन बाजूले सरकला का एकदम मोकरा होते. तसा उघडला."

"बाहेर काय होतं?"

"पायरी. तेवढीच ओली होती, बसाच्या जागेपुरती."

"पाण्यानं लाकूड फुगतं, काका."

"हाव, फुगते ना," ते म्हणाले आणि शेंग माझ्या हातावर ठेवली. "मी माफी मांगितली त्याची."

म्हातारी त्या सकाळी त्यांच्याशी बोलली नाही. दुपारी जेवायला वाढताना म्हणाली, "तो रागावत नाई, गार्डबाबू. लहान होता तवापासून तसाच. दरवाजा लागला दिसला का बसून राहते."

मी रसायनशास्त्र शिकवते. भूतबीत मानत नाही, आणि न मानणाऱ्याला जे कुतूहल असतं ते मला भरपूर आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःच म्हटलं, येते तुमच्याबरोबर. रात्री गाढ झोपले. सकाळी आधी लोटा बघायला गेले. तलावावर धुकं होतं, पाणी दिसतच नव्हतं, पायऱ्या उतरून कुठं जातात ते कळत नव्हतं. लोट्यातलं पाणी कमी झालेलं होतं. ते होणारच. कुत्री आहेत, पाखरं आहेत, हवा आहे. काठावर एक हिरवट डाग होता, ओठ टेकावा एवढा. पितळेवर हिरवा गंज चढतो. का चढतो हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते. मी बोटानं घासून पाहिला. गंज असा बोटानं निघत नाही. हा निघाला. बोटाला शेवाळाचा वास आला. दिवसभर मी ते बोट साबणानं धूत होते आणि स्वतःवर चिडत होते.

म्हातारी चुलीपुढं बसली होती. धुक्यात कुठंतरी डोंगे फिरत होते. मासे जाळ्याकडे हाकायला माणसं वल्ह्यानं डोंग्याच्या लाकडावर ठोकतात, तो आवाज पाण्यावरून येत होता. म्हातारी भाकर थापता थापता आवाजावरून माणूस ओळखायची. हा अमक्याचा थोरला, हा त्याचा भाऊ, याचा हात ढिला आहे. प्रत्येकाची ठोकायची लकब वेगळी म्हणे. मला गंमत वाटत होती. मग एक आवाज आला, जवळून, जरा बोदा, भिजलेल्या लाकडावर ठोकावं तसा. या वेळी म्हातारीनं कोणाचं नाव घेतलं नाही. तिनं डोक्यावर पदर ओढला.

"हा कोणाचा, आजी?"

"भाकर खा, बाई," ती म्हणाली. "थंडी होऊन राहिली."

गार्डसाहेब दारात उभे होते, धुक्याकडे तोंड करून. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. आयुष्यभर छत्र्या सांभाळल्या, एकही मालक आला नाही. इथं कोणीतरी येत होतं.

त्याच हिवाळ्यात म्हातारी गेली. दुखणं नाही, काही नाही. पहाटे लोटा ठेवून आत आली आणि आडवी झाली. गार्डसाहेबांनी स्वतःच्या आईचं करावं तसं सगळं केलं. आणि मग मुर्रीला परत आलेच नाहीत.

थोड्या दिवसांनी पुतणीचा मला फोन आला. "मॅडम, तुमी येऊन समजवा त्याइले. आमचं आयकून नाई राहिले." मायबाप गेल्यावर ते दार लावायचं असतं. वाट बघणारं माणूस गेलं की वाट संपली. लोटा तलावात रिकामा करायचा आणि घराच्या धन्यानं आपल्या हातानं दार ओढून घ्यायचं. आता धनी गार्डसाहेब होते, आणि ते दाराला हात लावू देत नव्हते. गावातली माणसं घाबरली होती. काठावरच्या घरांत संध्याकाळी कोणी मागच्या अंगणात जात नव्हतं.

मी गेले तेव्हा ते पायरीवर बसलेले होते. दाढी वाढलेली. माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा मॅडम. थोडं तिकडून बसा, तिथं ओलं आहे." मी तिकडून बसले. खरंच ओलं होतं.

पुतणी दारात उभी राहून बोलत होती. तिचा आवाज चढलेला होता, पण राग नव्हता, ती रडकुंडीला आली होती. "बुढी होती तवा ठीक होतं. आता तो आला तं कोनाले भेटन?"

"मी आहो ना घरी."

"तुमी त्याची माय हाय का?"

गार्डसाहेब गळ्यातली शिट्टी चाचपत राहिले.

"मायले न्यायाले आला असन तो. ते निंघाली पुढं. आता त्यानं तिच्या मांगं जावं का नाई? पन दरवाजा उघडा दिसला का त्याले वाटते, घर हाय अजून. माय आतच हाय. तो इथंच बसते मंग." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमी त्याले ठेवून नाई राहिले, गार्डबाबू. तुमी त्याले अडवून राहिले."

तलावावर ऊन होतं. गार्डसाहेब आपल्या बाजूच्या ओल्या दगडाकडे बघत होते. तिथं हात ठेवावा की नाही अशा विचारात असल्यासारखे. मी बाजू घ्यायला आले होते, पण कोणाची घ्यावी तेच मला कळेना. इतक्या दिवसांत त्यांच्यासाठी पहिल्यांदा माझा जीव तुटला.

"म्हंजे माह्याच्यानं गाडी थांबून आहे," ते शेवटी म्हणाले.

संध्याकाळी ते अंगावर गार्डाचा पांढरा ड्रेस घालून बाहेर आले. कधी मुर्रीहून आणून ठेवला होता कोण जाणे. पिवळा पडलेला, पोटावर गुंडी लागत नव्हती. काखेत गुंडाळलेला हिरवा झेंडा, गळ्यात शिट्टी. हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. सगळं गाव काठावर जमलं होतं आणि या वेळी तोंड पाण्याकडे होतं. सगळे डोंगे ओढून जमिनीवर पालथे घातलेले. त्या दिवशी पाण्यात कोणी जायचं नव्हतं.

पुतणीनं लोटा तलावात रिकामा केला. गार्डसाहेब उंबऱ्यावर उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी. घराच्या आत वळून बघितलं, सवयीनं विचारलं, "मांगं कोनी राहिलं का?" आणि मग पाण्याकडे तोंड करून शिट्टी वाजवली. लांब. झेंडा सोडला आणि हलवत राहिले.

मला वाटलं, झालं, आता दार लावतील. ते लावत नव्हते. झेंडा हलवत उभेच. मग माझ्या ध्यानात आलं, ते उत्तराची वाट बघत आहेत. अंधारून येत होतं, त्यांनी झेंडा दुसऱ्या हातात घेतला. उत्तर आलं नाही तर हा माणूस इथंच उभा राहणार, हे तिथं फक्त मला माहीत होतं. मी कोणाला कधी हात जोडत नाही, तेव्हा जोडले.

तलावाच्या मधून आवाज आला. एकच. भिजलेल्या लाकडावर ठोकावं तसा, बोदा.

सगळ्यांनी ऐकला. कोणीही कोणाकडे बघितलं नाही. माझी नजर मात्र काठावरच्या पालथ्या डोंग्यांवरून फिरून आली. एकही कमी नव्हता.

"उत्तर मिरालं," गार्डसाहेब म्हणाले. झेंडा नीट गुंडाळून काखेत धरला, आम्ही दोघं आत सरकलो आणि त्यांनी दार ओढलं. ते एका हातानं लागलं. कडी घालून त्यांनी दारावर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नुसतं लाकूड आहे आता." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतर ते मुर्रीला परत आले आणि खालची खोली रिकामी करायला लागले. कुबडी सरकारी दवाखान्यात एकाला दिली. छत्र्या पावसाळ्यात रस्त्यानं भिजत जाणाऱ्यांना दिल्या. फेटा कोणी घेईना, तो स्वतः एकदा बांधून बाजारात जाऊन आले. तलावाकाठचं घर पुतणीच्या नावावर करून दिलं. लिलावाला पुन्हा गेले नाहीत. माझी सकाळची शिट्टी मात्र चालू होती.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी ते दुपारी खुर्चीतच गेले. रायपूरहून पुतण्या आला. त्यानं काकांना तोच पांढरा ड्रेस घातला आणि शिट्टी खिशात ठेवून दिली. ती त्यांच्याबरोबरच गेली. फाटकातून त्यांना नेलं तेव्हा सगळी माणसं मागं होती आणि गार्डसाहेब पुढं. त्यांना ते आवडलं नसतं. मी आत जाऊन स्कूटरचा हॉर्न वाजवला आणि मग खूप रडले.

मी अजून वरच्या खोलीत राहते. पुतण्यानं भाडं वाढवलं, पण विहिरीला पाणी आहे. सकाळी स्कूटर काढते, फाटकाशी थांबते, मग हॉर्न देऊन निघते. समोर कोणी नसताना रोज हॉर्न कशाला वाजवते म्हणून शेजारी चेष्टा करतात. मी पण हसते. गाडीत हॉर्न हे उत्तर असतं आणि ते आपणहून देत नाहीत, हे सुदैवानं त्यांना कोणी सांगितलेलं नाही.